सांकेतिक भाषेचे प्रश्न: नियम सापडतो, तरी उत्तर चुकते ते कुठे?

पोलीस भरती, तलाठी भरती, कर्मचारी निवड आयोग किंवा बँकांच्या परीक्षा यांपैकी कोणत्याही सराव चाचणीचे पेपर तपासायला घेतले की सांकेतिक भाषेच्या प्रश्नांत, म्हणजे एका शब्दाचा संकेत देऊन त्याच नियमाने दुसऱ्या शब्दाचा संकेत विचारणाऱ्या प्रश्नांत, एकच चूक पुन्हा पुन्हा समोर येते. उमेदवार पहिल्या अक्षराची जोडी पाहतो, ‘दोनने पुढे’ असे मनाशी ठरवतो आणि तोच नियम विचारलेल्या शब्दाला लावून मोकळा होतो. प्रश्न काढणाऱ्याला ही घाई ठाऊक असते, त्यामुळे तिच्यातून निघणारे चुकीचे उत्तर चार पर्यायांत हमखास ठेवलेले असते. आपले उत्तर पर्यायांत आहे म्हणून ते बरोबर आहे, हा समज आधी सोडावा. पुढे दिलेला क्रम मुद्दाम संथ वाटेल असा आहे, पण वीस-पंचवीस प्रश्नांनंतर तो हाताला बसतो आणि पर्यायांकडे पुन्हा पुन्हा पाहण्यात जाणारा वेळ वाचतो.

या लेखात इंग्रजी अक्षरे उच्चाराप्रमाणे, म्हणजे ए, बी, सी अशी लिहिली आहेत. कच्च्या कागदावर मात्र ती रोमन लिपीतच आणि मोठ्या वळणाची लिहावीत.

पूर्वतयारी: परीक्षेच्या आधी काय पाठ हवे

१. अक्षरांचे क्रमांक. ए म्हणजे १ आणि झेड म्हणजे २६ हे सर्वांना येते, पण ‘एस कितवे?’ असे विचारले की बरेच जण ए पासून मोजायला लागतात. त्याऐवजी ई ५, जे १०, ओ १५, टी २० आणि वाय २५ हे पाच टप्पे पक्के करावेत. मग कोणतेही अक्षर जवळच्या टप्प्यापासून जास्तीत जास्त दोन पावलांवर सापडते, अपवाद फक्त सुरुवातीच्या ए आणि बी यांचा, आणि ते मोजावे लागत नाहीत. एस हे टी च्या आधीचे म्हणून १९, क्यू हे ओ नंतर दुसरे म्हणून १७.

२. विरुद्ध अक्षरे. सुरुवातीकडून जितके अंतर, तितकेच शेवटाकडून मोजल्यास जे अक्षर येते ते विरुद्ध अक्षर. ए ला झेड, बी ला वाय, सी ला एक्स, डी ला डब्ल्यू, ई ला व्ही, एफ ला यू, जी ला टी, एच ला एस, आय ला आर, जे ला क्यू, के ला पी, एल ला ओ आणि एम ला एन. जोडीतील दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमी २७ येते. क्लासमध्ये ‘जीटी रोड’ (जी-टी), ‘हायस्कूल’ (एच-एस), ‘इंडियन रेल्वे’ (आय-आर) अशा खुणा सांगतात आणि त्या उपयोगी आहेत, पण खूण आठवली नाही तरी २७ मधून वजा करता आले पाहिजे.

३. टोकाला पोहोचल्यावर काय करायचे. झेड नंतर पुन्हा ए येते. बेरीज २६ च्या पुढे गेली तर २६ वजा करावेत, वजाबाकी शून्य किंवा त्याखाली गेली तर २६ मिळवावेत. वाय च्या पुढे तिसरे अक्षर म्हणजे २८, त्यातून २६ गेले की २, म्हणजे बी. सी च्या मागे पाचवे म्हणजे उणे २, त्यात २६ मिळवले की २४, म्हणजे एक्स.

तपासणी: के, आर, डब्ल्यू, एच आणि व्ही यांचे क्रमांक व विरुद्ध अक्षरे न लिहिता सांगून पाहा. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर पुढचे टप्पे वाचण्याआधी ही तयारी पूर्ण करावी. नियम ओळखण्याची बुद्धी आहे पण क्रमांक तोंडात नाहीत, अशी अवस्था असलेले उमेदवार फार आहेत, आणि त्यांना वाटते की आपले तर्कच कच्चे आहेत.

टप्पा १: प्रश्नाचा प्रकार आणि दिशा ठरवणे

पेन चालवण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, संकेत कशाचा आहे: अक्षराला अक्षर, शब्दाला संख्या, वाक्याला कृत्रिम शब्द, की एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचे नाव. दुसरी, काय विचारले आहे: शब्द देऊन त्याचा संकेत, की संकेत देऊन मूळ शब्द. हा दुसरा मुद्दा वाचतानाच निसटतो. ‘कसा लिहाल?’ असे विचारले असेल तर नियम सरळ लावायचा, ‘हा कोणत्या शब्दाचा संकेत आहे?’ असे असेल तर उलटा. प्रश्नाच्या क्रमांकाशेजारी कच्च्या कागदावर उजवीकडे किंवा डावीकडे जाणारा बाण काढून ठेवला तर दहा सेकंदांनंतरही दिशा विसरत नाही.

टप्पा २: तीन ओळींची मांडणी

पहिल्या ओळीत दिलेला शब्द, तिच्या बरोबर खाली संकेत, आणि तिसऱ्या ओळीत दोघांच्या क्रमांकांतील फरक. हे तोंडी करण्याचा मोह आवरावा.

उदाहरण घेऊ. ‘पुणे’ हा शब्द इंग्रजीत पी-यू-एन-ई असा लिहिला आणि त्याचा संकेत आर-एक्स-आर-जे दिला आहे. ‘लातूर’, म्हणजे एल-ए-टी-यू-आर, याचा संकेत काय?

पी १६, आर १८, फरक +२
यू २१, एक्स २४, फरक +३
एन १४, आर १८, फरक +४
ई ५, जे १०, फरक +५

पहिल्याच जोडीवर थांबणारा ‘सर्वत्र +२’ धरतो आणि त्याचे उत्तर एन-सी-व्ही-डब्ल्यू-टी येते. खरा नियम दर पावलाला एकाने वाढतो. लातूरला पाच अक्षरे असल्यामुळे शेवटच्या अक्षराला +६ लागेल: एल १२ चे १४, ए १ चे ४, टी २० चे २४, यू २१ चे २६ आणि आर १८ चे २४. उत्तर एन-डी-एक्स-झेड-एक्स.

या उदाहरणात फरक काढण्याआधीही एक सुगावा होता. संकेतात आर दोनदा आला आहे, पण मूळ शब्दात त्या जागी पी आणि एन अशी वेगळी अक्षरे आहेत. वेगवेगळ्या अक्षरांना एकच संकेत मिळाला, किंवा एकाच अक्षराला दोन ठिकाणी दोन संकेत मिळाले, तर नियम केवळ अक्षरावर नाही, तो जागेवरही अवलंबून आहे किंवा शब्द उलटवलेला आहे, असे निश्चित समजावे. ‘सर्वत्र सारखा फरक’ ही शक्यता तिथेच बाद होते.

इशारा: कच्च्या कामात आय आणि एल, यू आणि व्ही, तसेच झेड आणि इंग्रजी दोनचा आकडा यांची गल्लत फार होते. संगणकावरच्या परीक्षेत शब्द पडद्यावरून कागदावर उतरवावा लागतो, त्यामुळे उतरवलेला शब्द एकदा पडद्याशी ताडून पाहावा. दोन सेकंदांचे काम आहे, पण चुकीचा उतरवलेला शब्द दोन मिनिटे खातो.

टप्पा ३: फरकांची ठेवण वाचणे

तिसरी ओळ तयार झाली की तिच्याकडे एकेक आकडा म्हणून न पाहता एकत्र पाहावे. सर्व फरक सारखे असतील, ठरावीक अंकाने वाढत किंवा घटत असतील, किंवा दोन फरक आळीपाळीने येत असतील, तर विशेष काही करावे लागत नाही. अडचण येते ती फरक विस्कळीत दिसतात तेव्हा, आणि बहुतेक उमेदवार याच ठिकाणी प्रश्न सोडून देतात किंवा ठोकताळा मारतात. तिथे पुढील क्रमाने पाहावे.

पहिले, वरच्या आणि खालच्या क्रमांकांची बेरीज करावी. प्रत्येक जोडीची बेरीज २७ आली तर विरुद्ध अक्षरे वापरली आहेत. सर्वत्र २८ आली तर विरुद्ध अक्षराच्या पुढचे अक्षर घेतले आहे, २६ आली तर मागचे. टोकावर ए किंवा झेड असेल तर एखादी बेरीज २६ ने वेगळी दिसू शकते, तेवढी सवलत द्यावी.

दुसरे, फरकांची ओळ दोन्ही टोकांकडून सारखी वाचता येते का ते पाहावे. ही खूण फार कमी ठिकाणी शिकवली जाते आणि मला ती सर्वात कामाची वाटते. ‘ठाणे’ म्हणजे टी-एच-ए-एन-ई, आणि त्याचा संकेत व्ही-एम-झेड-एस-जी दिला आहे.

टी २०, व्ही २२, फरक +२
एच ८, एम १३, फरक +५
ए १, झेड २६, फरक +२५
एन १४, एस १९, फरक +५
ई ५, जी ७, फरक +२

दोन, पाच, पंचवीस, पाच, दोन. हे आकडे अर्थहीन वाटतात, पण डावीकडून वाचा की उजवीकडून, ओळ तीच राहते. फरकांची ओळ अशी आरशासारखी असेल तर शब्द उलटवून प्रत्येक अक्षराचे विरुद्ध अक्षर घेतले आहे का, ते लगेच पाहावे. कारण सोपे आहे: पहिल्या अक्षराचा फरक पहिल्या व शेवटच्या अक्षरावर ठरतो आणि शेवटच्याचा फरकही त्याच दोघांवर, म्हणून दोन्ही फरक सारखे येतात. इथे ठाणे उलटवले की ई-एन-ए-एच-टी, आणि त्यांची विरुद्ध अक्षरे व्ही-एम-झेड-एस-जी. जुळले. याच नियमाने ‘बीड’, म्हणजे बी-ई-ई-डी, याचा संकेत डब्ल्यू-व्ही-व्ही-वाय होईल.

तिसरे, एका टोकाचे फरक दुसऱ्या टोकाला तेच पण उलट चिन्हाने येत असतील, जसे +४, −६, ०, +६, −४, तर शब्द नुसता उलटवला आहे.

चौथे, स्वर आणि व्यंजने वेगळी काढावीत. ए, ई, आय, ओ, यू यांच्या खालील फरक एका गटात आणि बाकीचे दुसऱ्या गटात टाकून पाहावेत. इथे एक सापळा आहे. ‘मिरज’, म्हणजे एम-आय-आर-ए-जे, याचा संकेत एन-एच-एस-झेड-के आहे. फरक +१, −१, +१, −१, +१. आता ‘अकोला’, म्हणजे ए-के-ओ-एल-ए, याचा संकेत काय? ‘जागा एकाआड एक’ असा नियम धरला तर बी-जे-पी-के-बी. ‘व्यंजन पुढे, स्वर मागे’ असा धरला तर झेड-एल-एन-एम-झेड. मिरज या शब्दात व्यंजन आणि स्वर आळीपाळीनेच येत असल्यामुळे दोन्ही नियम दिलेल्या उदाहरणाला तंतोतंत बसतात, आणि विचारलेल्या शब्दात ते नेमके एकमेकांविरुद्ध जातात. अशा वेळी प्रश्नात दुसरे उदाहरण दिले आहे का ते शोधावे, आणि नसेल तर दोन्ही उत्तरे काढून पर्याय पाहावेत. नीट काढलेल्या प्रश्नात त्यांपैकी एकच पर्यायांत असते. दोन्ही असली तर प्रश्नच सदोष आहे, त्यावर खूण करून पुढे जावे. बरोबर कोणते यावर मनात वाद घालण्याची ती वेळ नव्हे.

टप्पा ४: पडताळणी, आणि ती शेवटच्या अक्षरापासून

नियम सुचला की तो दिलेल्या उदाहरणाला पूर्ण लावून पाहावा, आणि सुरुवात शेवटच्या अक्षरापासून करावी. पहिल्या दोन अक्षरांवरूनच आपण नियम बांधलेला असतो, त्यामुळे ती दोन जुळणारच. शेवटचे अक्षर मात्र नियम बांधताना बहुधा पाहिलेले नसते, म्हणून त्याची साक्ष जास्त विश्वासाची. तिथे जुळले नाही तर नियमाला ‘शेवटी अपवाद’ अशी शेपटी जोडू नये, नियमच टाकून द्यावा.

टप्पा ५: नियम विचारलेल्या शब्दाला लावणे

इथे दोन चुका होतात. पहिली लांबीची: उदाहरण चार अक्षरांचे आणि प्रश्न पाच अक्षरांचा असला की पाचव्या अक्षराला पुन्हा पहिला फरक लावला जातो. फरक वाढत जाणारा असेल तर तो वाढतच जातो, आळीपाळीचा असेल तर पुन्हा सुरू होतो. हे ठरवूनच शेवटचे अक्षर लिहावे.

दुसरी दिशेची. पुण्याच्याच नियमाने आय-आर-ई हा कोणत्या शब्दाचा संकेत आहे, असे विचारले तर मागे जावे लागेल: आय ९ मधून २ गेले ७, आर १८ मधून ३ गेले १५, ई ५ मधून ४ गेले १. जी-ओ-ए, म्हणजे गोवा. घाईत पुन्हा पुढे गेलेला उमेदवार के-यू-आय लिहितो, आणि तोही पर्याय तिथे असतो. मूळ शब्द विचारलेला असतो तेव्हा तो बहुतेक वेळा अर्थपूर्ण असतो, त्यामुळे अर्थहीन उत्तर आले की आधी बाण तपासावा.

वेळ वाचवण्याची एक रीत: नियम पक्का झाल्यावर सगळी अक्षरे काढण्याची गरज नसते. शेवटचे अक्षर आधी काढावे आणि चारही पर्यायांत ते कुठे आहे ते पाहावे. बहुधा दोन पर्याय तिथेच गळतात. पुढचे एखादे अक्षर काढले की उत्तर उरते. मात्र ही रीत टप्पा ४ पूर्ण झाल्यावरच वापरावी.

शब्दाला संख्या दिलेली असेल तेव्हा

आधी अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज करावी आणि ती दिलेल्या संख्येशेजारी लिहावी. मग पुढील शक्यता याच क्रमाने पाहाव्यात: बेरीज तीच आहे का, बेरीज आणि दिलेली संख्या मिळून अक्षरसंख्येच्या २७ पट होते का (तसे असेल तर विरुद्ध अक्षरांची बेरीज घेतली आहे), बेरजेला अक्षरसंख्येने गुणले आहे का, किंवा तिच्यात अक्षरसंख्या मिळवली वा वजा केली आहे का. स्वर-व्यंजनांचे वेगळे नियम आणि वर्ग यांच्याकडे त्यानंतर वळावे. उलट क्रमाने शोधणारे उमेदवार साध्या बेरजेच्या प्रश्नात वर्ग शोधत बसतात.

बी-यू-एस ला १२६ आणि आर-ए-आय-एल ला १६० असे दिले आहे. टी-ए-एक्स-आय ला काय? पहिल्या शब्दाची बेरीज २ + २१ + १९ = ४२, आणि १२६ ही तिची तिप्पट. इथे थांबणारा टी-ए-एक्स-आय ची बेरीज ५४ घेऊन १६२ हे उत्तर देतो. पण दुसऱ्या शब्दाची बेरीज १८ + १ + ९ + १२ = ४० आहे आणि १६० ही तिची चौपट. म्हणजे गुणक तीन हा ठरलेला आकडा नाही, ती अक्षरांची संख्या आहे. उत्तर ५४ × ४ = २१६.

इशारा: प्रश्नात दोन उदाहरणे दिली असतील तर दुसरे शोभेला दिलेले नसते. पहिल्यातून निघणारा चुकीचा नियम दुसऱ्यात मोडावा, यासाठीच ते असते.

वाक्यांचे संकेत

समजा एका सांकेतिक भाषेत ‘पाऊस आज जोरात आला’ हे ‘ती मो का ने’ असे, ‘आज शाळा बंद’ हे ‘रू मो सा’ असे आणि ‘पाऊस बंद झाला’ हे ‘सा डे का’ असे लिहिले जाते.

१. दोन वाक्यांत समान असलेला एकच शब्द शोधावा. पहिल्या दोन वाक्यांत ‘आज’ समान आहे आणि संकेतांत ‘मो’ समान आहे. ही जोडी पक्की.

२. पक्की झालेली जोडी सर्व वाक्यांतून खोडावी. नुसती लक्षात ठेवू नये.

३. पुढची समान जोडी घ्यावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यावरून ‘बंद’ म्हणजे ‘सा’, पहिल्या आणि तिसऱ्यावरून ‘पाऊस’ म्हणजे ‘का’.

४. खोडून झाल्यावर जिथे एकच शब्द आणि एकच संकेत उरतो, तिथे जोडी आपोआप जुळते: ‘शाळा’ म्हणजे ‘रू’, ‘झाला’ म्हणजे ‘डे’.

५. पहिल्या वाक्यात ‘जोरात’ आणि ‘आला’ हे दोन शब्द आणि ‘ती’ व ‘ने’ हे दोन संकेत उरतात. यांपैकी कोणता कोणाचा, हे दिलेल्या माहितीवरून ठरत नाही. ‘आला’ याचा संकेत विचारला तर ‘ती किंवा ने’ अथवा ‘निश्चित सांगता येत नाही’ हेच उत्तर.

पाचव्या पायरीवर हमखास गुण जातात. उमेदवार शब्दांचा क्रम आणि संकेतांचा क्रम एकच धरतो आणि ‘आला’ शेवटी म्हणून ‘ने’ लिहून टाकतो. पण याच वाक्यात ‘पाऊस’ पहिला आहे आणि त्याचा संकेत ‘का’ तिसऱ्या जागी आहे, म्हणजे क्रमाचा इथे काही संबंध नाही, हे आपणच सिद्ध केलेले असते.

मराठी माध्यमाच्या पेपरात आणखी एक काळजी घ्यावी. ‘घर’ आणि ‘घरात’, ‘आला’ आणि ‘आली’ हे संकेतांच्या दृष्टीने वेगळे शब्द आहेत. घाईने वाचताना प्रत्यय डोळ्यांतून सुटतो आणि नसलेली समान जोडी तयार होते.

नावांची आणि चिन्हांची अदलाबदल

‘पांढऱ्याला निळा म्हटले, निळ्याला हिरवा, हिरव्याला काळा आणि काळ्याला लाल म्हटले, तर निरभ्र आकाशाचा रंग कोणता?’ यात आधी जगातले खरे उत्तर लिहावे: निळा. मग साखळीत एकच पाऊल टाकावे: निळ्याला हिरवा म्हटले आहे, म्हणून उत्तर हिरवा. ‘पांढरा’ लिहिणारा उलट्या दिशेने गेला, ‘काळा’ लिहिणारा एक पाऊल जास्त चालला.

‘ला म्हटले’ आणि ‘म्हणजे’ यांत मात्र फरक आहे. ‘पांढऱ्याला निळा म्हटले’ यात खरी वस्तू पांढरी आणि तिचे नवे नाव निळा. ‘पांढरा म्हणजे निळा’ यात बोललेला शब्द पांढरा आणि त्याचा खरा अर्थ निळा, त्यामुळे तिथे आकाश ‘पांढरे’ ठरते. वाक्यरचना दोनदा वाचावी. चिन्हांच्या प्रश्नांत बहुधा ‘म्हणजे’ असते: + म्हणजे ×, × म्हणजे −, − म्हणजे ÷ आणि ÷ म्हणजे +, तर १६ − ४ + ३ × ५ ÷ २ = ? इथे संपूर्ण राशी नव्या चिन्हांनी खालच्या ओळीत एकदाच लिहावी: १६ ÷ ४ × ३ − ५ + २. आता नेहमीच्या क्रमाने ४ × ३ = १२, १२ − ५ + २ = ९. त्याच ओळीवर चिन्हे एकामागून एक बदलत गेल्यास + चे झालेले × पुन्हा − होऊन बसते.

देवनागरी अक्षरांचे प्रश्न

शिष्यवृत्ती परीक्षेपासून भरतीपर्यंत हे प्रश्न येतात आणि इंग्रजी अक्षरांवर पकड असलेले उमेदवारही यात अडखळतात, कारण ‘म नंतर काय?’ हे चटकन आठवत नाही. क, च, ट, त, प हे पाच वर्ग प्रत्येकी पाच अक्षरांचे, त्यांत ङ आणि ञ धरूनच मोजायचे, आणि पुढे य र ल व श ष स ह ळ. ‘कमल’ ला ‘खयव’ असे लिहिले असेल तर प्रत्येक अक्षराचे पुढचे अक्षर घेतले आहे, म्हणून ‘नगर’ चा संकेत ‘पघल’. न नंतर वर्ग बदलतो आणि प येतो, तिथेच चूक होते.

काही प्रश्नांत वर्गाचा क्रमांक आणि वर्गातील जागा यांची जोडी देतात. न हा चौथ्या वर्गातील पाचवा म्हणून ४५ आणि थ हा त्याच वर्गातील दुसरा म्हणून ४२, म्हणजे ‘नथ’ ला ४५४२. संख्या अक्षरांच्या बरोबर दुप्पट अंकांची असेल तर ही शक्यता आधी पाहावी.

बँकांच्या परीक्षांतील सशर्त संकेत

येथे अक्षरांचा तक्ता आणि त्याखाली अटी दिलेल्या असतात. क्रम एवढाच: आधी तक्त्याप्रमाणे पूर्ण संकेत लिहावा, मग पहिले आणि शेवटचे अक्षर पाहून कोणती अट लागू होते ते ठरवावे, शेवटी बदल करावा. ए ला ७, एम ला ९, ओ ला ५, आर ला १ असे असेल आणि ‘पहिले अक्षर स्वर व शेवटचे व्यंजन असल्यास त्या दोघांच्या संकेतांची अदलाबदल करावी’ अशी अट असेल, तर ए-एम-ओ-आर चे आधी ७९५१ आणि मग १९५७ होते. अट आधी लावून अक्षरेच बदलणारा उमेदवार मधल्या अक्षरांतही गोंधळ करतो.

वेळ किती द्यावा

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांसाठी ९० मिनिटे मिळतात, म्हणजे सरासरी ५४ सेकंद. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे ३६ सेकंद. म्हणून टप्पा ३ मधील चारही शक्यता पाहूनही नियम सापडला नाही तर प्रश्न खूण करून सोडावा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असतील तर दोन पर्याय नक्की गळल्याशिवाय अंदाज करू नये. गुण कापले जात नसतील तर शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

स्वतःची परीक्षा

१. ठाणे आणि व्ही-एम-झेड-एस-जी याच नियमाने ‘सांगली’, म्हणजे एस-ए-एन-जी-एल-आय, याचा संकेत लिहा. उत्तर आर-ओ-टी-एम-झेड-एच. एच-झेड-एम-टी-ओ-आर आले असेल तर शब्द उलटवायचे राहिले, आय-एल-जी-एन-ए-एस आले असेल तर विरुद्ध अक्षरे घ्यायची राहिली.

२. बी-यू-एस आणि आर-ए-आय-एल यांच्या नियमाने बी-ओ-ए-टी ची संख्या काढा. उत्तर १५२. ११४ आले असेल तर दुसरे उदाहरण पाहिलेच नाही.

३. वरच्या सांकेतिक भाषेत ‘आज पाऊस जोरात’ कसे लिहाल? ‘मो’ आणि ‘का’ हे दोन संकेत नक्की, तिसरा ‘ती’ किंवा ‘ने’, आणि तिघांचा क्रम कोणताही चालेल. ‘मो का ती’ एवढेच लिहून थांबला असाल तर वाक्यांच्या संकेतांची पाचवी पायरी पुन्हा वाचा.